संघ सोडला, पण बाजार सुटला नाहीं

ब्रिटननें युरोपीय संघ सोडला याचें आम्हां जिराइती मुलखांतील शेतकऱ्यांस काय, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. परंतु नाशिक-नगरकडील द्राक्षें ज्या बाजारांत जातात, तेथील कायदा कोण करतो हा प्रश्न आमच्या मतें दूरदेशचा नव्हे.

ब्रिटन १९७३ सालीं त्या वेळच्या युरोपीय आर्थिक समूहांत सामील झालें. २३ जून २०१६ च्या लोकमतांत मत देणारांपैकीं शेंकडा सुमारें ५२ जणांनीं निघण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजीं तें राष्ट्र बाहेर पडलें आणि त्या वर्षाअखेर जुने व्यापारी नियमहि सुटले.

आम्हीं महसूल खात्याचें दप्तर सांभाळलें असल्यानें वाटणीचे अर्ज पुष्कळ पाहिले आहेत. सर्व्हे नंबराचे पोटहिस्से पडतात, खातीं फुटतात. पण विहीर सामाईक ती सामाईकच राहते, आणि पाण्याची जी पाळी पूर्वीं घरांत बसून ठरत असे, ती आतां बांधावर भांडून ठरवावी लागते. ब्रिटनचें तसेंच झालें. त्याचा सर्वांत मोठा व्यापार अद्यापि युरोपाशींच आहे.

तेथील शेतकऱ्याची स्थिति पाहा. संघांत असतां त्यास धारण क्षेत्राच्या मानानें अनुदान मिळे. इंग्लंडांत तें २०२१ पासून दरसाल कमी करीत आणलें, आणि माती, पाणी, झाडें यांची निगा राखणारास मोबदला देण्याच्या योजना निघाल्या. कल्पना मुळांत वाईट नाहीं. परंतु मार्च २०२५ मध्यें त्यांतील मुख्य योजनेचे नवे अर्ज घेणें एकाएकीं थांबविण्यांत आलें. अर्जाची खिडकी एकाएकीं बंद होणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको! पूर्वीं फळतोडणीस पोलंड, रुमानिया येथील मजूर परवान्याशिवाय येत. आतां किर्गिझस्तान, उझबेकिस्तान येथून ठराविक महिन्यांच्या परवान्यावर आणावे लागतात.

न्यायाची गोष्ट ही कीं, संघाच्या सभासद राष्ट्रास स्वतंत्र व्यापारी करार करतां येत नाहीं. २४ जुलै २०२५ रोजीं भारत व ब्रिटन यांच्या करारावर सह्या झाल्या, त्या ब्रिटन बाहेर पडलें म्हणूनच. तेव्हां त्या राष्ट्रानें सर्वस्व घालविलें असें म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं.

खरी मेख निराळीच आहे. १९ मे २०२५ रोजीं ब्रिटन व संघ यांच्यांत असें ठरलें कीं, अन्नपदार्थ, जनावरें व वनस्पती यांच्या आरोग्याविषयीं करार करावा, आणि त्या बाबतींत संघाचे नियम बदलतील तसे ब्रिटननेंहि आपले बदलावे. मसुद्याच्या वेळीं म्हणणें मांडतां येईल, मत देतां येणार नाहीं. आमच्या राळेगणसिद्धीची चराईबंदी, कुऱ्हाडबंदी सर्वांस ठाऊक आहे. ग्रामसभेस येणारास तेथें वाद घालतां येतो. घरीं बसणारास नियम तितकाच लागतो, बोलण्याची जागा मात्र राहत नाहीं. ब्रिटन नजीकच्या काळांत संघांत परत जाईल असें आम्हांस वाटत नाहीं; पण नियम एकेक करून परत स्वीकारील, आणि ते दुसऱ्यानें केलेले असतील.

त्यास हंसण्यापूर्वीं आपण आपल्याकडे पाहावें. डिसेंबर २०२३ मध्यें आपल्याच सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हां पारनेरच्या कांदेवाल्यास कोणीं विचारलें होतें? २०१० सालीं वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट या औषधाचा अंश सांपडल्यामुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडकलीं. तो तडाखा बागाइतदार विसरलेले नाहींत. ब्रिटननें संघाचेच नियम घेतले तर दोन्ही बाजारांस एकच फवारणी-पत्रक चालेल, हा लाभ खरा. परंतु औषधाच्या अंशाची मर्यादा संघानें खालीं आणली, कीं दोन्ही दरवाजे एकाच दिवशीं लागतील, आणि युरोपांत नाकारलेला माल लंडनला वळविण्याची सोय उरणार नाहीं.

म्हणून करारांत जकात किती सुटली एवढेंच पाहून बागाइतदारांनीं हुरळून जाऊं नये. ऑक्टोबरची छाटणी होण्यापूर्वीं दोन्ही बाजारांच्या चालू मर्यादा मराठींत छापून सभासदांच्या हातीं द्याव्या, आणि सरकार अशा वाटाघाटीस बसेल तेव्हां माल पिकविणाराचा एक तरी माणूस तेथें असावा, अशी मागणी आपल्या संस्थेनें येत्या सभेंत ठराव करून लेखी पाठवावी.