संकेतस्थळाचे सोवळे

उज्जैनच्या महाकालेश्वराची भस्म आरती पहाटे होते. तिची परवानगी मात्र भाविकाला कितीतरी आधी ऑनलाइन मिळवावी लागते. तारीख निवडा, ओळखपत्राचा तपशील भरा, पैसे भरा. जागा मोजक्या आणि भाविक अमाप, तेव्हा ही व्यवस्था गैर म्हणता येणार नाही. पण देवदर्शनाची रांग संकेतस्थळावरून सुरू होत असेल, तर ज्याला पडदा दिसत नाही त्याने कुठे उभे राहायचे?

अंध माणूस फोन वापरू शकत नाही, हा समज डोळसांचा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय आता फोनमध्येच असते. संगणकासाठी एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि ते मराठीही वाचते. अडते ते संकेतस्थळापाशी. बटणांना नावे दिलेली नसतात, म्हणून यंत्र बिचारे ‘बटण, बटण, बटण’ असा जप करत राहते. तारखेचा तक्ता माऊसशिवाय हलत नाही. कॅप्चातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून ‘मी माणूस आहे’ हे सिद्ध करायचे असते. अंध असणे हा त्यात माणूस नसल्याचा पुरावा ठरतो. सूचना तर कागदाचा फोटो काढून चिकटवलेल्या. कर्णबधिरांची गत वेगळी नाही, व्हिडिओखाली अक्षरे नसतात. ही कुणा एका देवस्थानाची कुंडली नव्हे. सरकारी कार्यालयांपासून बँकांपर्यंत हे सोवळे सर्वत्र कडक पाळले जाते.

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याच्या 42 व्या कलमात माहिती-तंत्रज्ञान सर्वांना सुलभ करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. पुढच्या वर्षी नियम झाले. त्यांतल्या 15 व्या नियमातली मानके सक्तीची नसून शिफारशीवजाच आहेत, म्हणून तो कायद्याशी विसंगत असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी दिला आणि सक्तीचे नियम करण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालय आणखी पुढे गेले: डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दंड दहा हजार रुपयांपर्यंत. एवढ्यात उद्घाटनाचे हारतुरेही येत नाहीत.

उद्घाटनावरून आठवले. महाकालेश्वर मंदिराच्या परिसरातल्या ‘महाकाल लोक’ या प्रकल्पाचा पहिला टप्पा 11 ऑक्टोबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते थाटात खुला झाला. चाकांच्या खुर्चीसाठी बांधलेल्या दगडी उताराची फीत कापता येते, त्यावर उभे राहून फोटोही निघतो. बटणाला नाव दिले म्हणून कुणी मांडव घालत नाही. कामे मागे पडतात ती अशी.

आता 2027 मध्ये नाशिकचा आणि 2028 मध्ये उज्जैनचा सिंहस्थ कुंभमेळा आहे. दोन्हीकडे अ‍ॅप, पोर्टल, नोंदण्या यांचा पूर येणारच. त्यांच्या निविदांमध्ये एक अट घालावी: तपासणी अंध, कर्णबधिर आणि हात न चालणाऱ्या वापरकर्त्यांकडून करून घ्यायची आणि त्यांनी होकार देईपर्यंत कंत्राटदाराचे बिल अडवून ठेवायचे. मुकी संकेतस्थळे बोलती करण्याचा याहून खात्रीचा उपाय सरकारी व्यवहारात अजून सापडलेला नाही.