चॅनेल मोजून गुडघा दिसत नाही

‘गुडघ्याची कॉइल : किमान १६ चॅनेल.’ ३ टेस्ला एमआरआय यंत्राच्या निविदेत कॉइलबद्दल एवढी एकच ओळ असते आणि तिच्यावर बोलीदाराचे भवितव्य ठरते, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांतून वारंवार येते आहे. १५ चॅनेलची उत्तम कॉइल देणारा तांत्रिक छाननीतच बाद होतो. १६ लूप एकाच कड्यात बसवणारा मात्र बिनबोभाट पुढे जातो. त्याच निविदेत कॉइलचा आतला व्यास विचारलेला नसतो. मग सुजलेला, किंवा मेनिस्कस अडकल्यामुळे सरळच न होणारा गुडघा त्या बंद नळकांड्यात जात नाही, आणि तंत्रज्ञ निमूटपणे फ्लेक्स कॉइल गुंडाळून काम भागवतो. ज्या रुग्णाला चांगल्या प्रतिमेची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला महागडी कॉइल येत नाही.

चॅनेलच्या आकड्याला अर्थच नाही, असे कोणी म्हणणार नाही. रोमर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये फेज्ड ॲरेची मांडणी केली तेव्हापासून लहान लूपचा फायदा सर्वमान्य आहे. पण तो कुठे मिळतो हे पाहायला हवे. लूपची पोच साधारण त्याच्या व्यासाइतकी. त्यामुळे पॅटेलाच्या कूर्चेत एसएनआर भरघोस वाढतो, तर आत खोलवरच्या क्रूसिएट लिगामेंटपाशी आठचे सोळा चॅनेल केल्याने फारसे काही हाती लागत नाही. शिवाय लूप लहान करत गेलो की तांबे, कपॅसिटर आणि सोल्डर यांचा गोंगाट ऊतींच्या गोंगाटाला गाठतो. अनलोडेड आणि लोडेड क्यूचे गुणोत्तर २ वर उतरले, तर निम्मी नॉईज पॉवर कॉइलनेच आणलेली असते. पॅरलल इमेजिंगसाठी चॅनेल लागतात हा आक्षेप रास्त आहे; मात्र तिथेही संख्येपेक्षा रचना निर्णायक. एकाच कड्यातले १६ लूप पायाच्या लांबीच्या दिशेने स्कॅनचा वेग वाढवू देत नाहीत. तीन ओळींतले १५ देतात. ७ टेस्लाला तर प्रश्न आणखी टोकदार होतो. तिथे २९८ मेगाहर्ट्झवर ऊतींतली तरंगलांबी गुडघ्याच्या जाडीच्या घरात येते, क्लिनिकल यंत्रात बॉडी कॉइल नसते, आणि ट्रान्समिटची सारी जबाबदारी गुडघ्याच्या कॉइलवरच पडते. तिथे रुळलेल्या कॉइलमध्ये रिसीव्हचे २८ चॅनेल आहेत, ट्रान्समिटचा एकच. बी-वन सपाट नसेल, तर ते २८ चॅनेल प्रतिमेतली काळी पट्टी भरून काढू शकत नाहीत.

खरेदी विभागाचे म्हणणे असे की लेखापरीक्षणात टिकेल असा मोजता येणारा निकष हवा. मग मोजा ना! फेज्ड ॲरे मोजायची पद्धत नेमाच्या एमएस ९ या मानकात तयार आहे. ठरावीक फँटममध्ये पृष्ठभागापाशी आणि केंद्रात एसएनआर किती, दोन्ही दिशांना दुपटीच्या वेगाला जी-फॅक्टर किती, लूपमधला नॉईज कोरिलेशन किती, हे सगळे आकडेच आहेत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमावली २०१७ मधला नियम १४४ तर स्पष्ट सांगतो की, तपशील गरजेपुरता असावा, अनावश्यक वैशिष्ट्यांनी खर्च वाढू नये. चॅनेलची आंधळी अट या नियमाच्या विरोधात जाते, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात का येत नाही?

आणि दोष केवळ त्यांचा नाही. आपल्यापैकी किती जण माहितीपत्रकात क्यूचे गुणोत्तर छापतात? कॉइल ताब्यात घेताना फँटम लावून नोंद ठेवणारे रेडिओलॉजी विभाग किती? तांत्रिक समितीवर बसलेल्या सदस्यांनी पुढच्या निविदेत ‘किमान १६ चॅनेल’ ही ओळ खोडावी आणि तिच्या जागी आतला व्यास, केंद्रातला एसएनआर आणि स्वीकृती-चाचणी लिहावी. कॉइल बनवणाऱ्यांनी आपली मोजमापे, फँटमच्या मापासह आणि क्षारतेसह, आमच्याकडे पाठवावीत. ती आम्ही जशीच्या तशी छापू.