अपुऱ्या तटाचा कोट

मंडळी, गवताच्या गाडीने किल्ला घेता येतो का? स्कॉटलंडात इ. स. 1313 च्या सुमारास तसा घेतला, असे तिकडचा जुना कवी सांगतो. लिनलिथगोच्या कोटात इंग्रजांची शिबंदी होती. बिनॉक नावाचा शेतकरी तिला गवत पुरवी. एके दिवशी त्याने गवताखाली आठ माणसे दडवली, गाडी बरोबर दरवाजाखाली उभी केली आणि जनावरांचे दोर तोडले. वरून सोडायचे दार गाडीवरच अडले. कोट गेला!

आपल्या साष्टीत गाडीची गरज पडली नाही. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे, असे म्हणतात. आज अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला आगगाडीतून माणसांचे लोंढे उतरतात. तिथे तेव्हा भातखाचरे होती, खाडीकाठी मिठागरे होती. दोनशे वर्षे अंमल पोर्तुगीजांचा. धर्माच्या जाचाने रयत गांजलेली. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ ही गाऱ्हाणी घेऊन पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. मुलुखाची खडान्‌खडा माहिती त्यांनीच पुरवली. तोफांइतकेच मोल मी त्या माहितीला देतो.

मराठे येणार या धास्तीने पोर्तुगीजांनी ठाण्याला नवा कोट बांधायला घेतला होता. 1737 च्या उन्हाळ्यात चिमाजी अप्पांची फौज साष्टीत उतरली, तेव्हा तट अजून पुरा व्हायचा होता. कुंपण घालायच्या आधीच गुरे शेतात शिरावीत, तशी गत झाली. ठाणे पडले.

वेसाव्याचा कोट मात्र चिवट निघाला. खाडीच्या मुखाशी, मढच्या बाजूला तो उभा. तो 1739 साली हाती आला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईही. वांद्र्याची तटबंदी तर पोर्तुगीजांनी इंग्रजांच्या सल्ल्याने आपणच पाडून टाकली. मराठ्यांना मिळू नये, एवढ्यासाठी.

मुंबई बेटावरचे हे सल्लागार टपूनच बसले होते. डिसेंबर 1774 मध्ये त्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्या पदरात पडली.

ठाण्याच्या त्या कोटात आता तुरुंग आहे. मढचा किल्ला पाहायचा तर वेसाव्याहून होडीने खाडी ओलांडावी. तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. तेव्हा बाहेरूनच पाहून परतायचे, बरं का.