चालू सर्व्हर हलवताना: क्यूईएमयूने जुनं कॉम्प्रेशन का काढून टाकलं?

समजा, अक्कलकुव्यात बसून तुम्ही मोबाईलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताय. पलीकडचा सर्व्हर हे बऱ्याचदा अख्खं यंत्र नसतंच; मोठ्या यंत्राच्या पोटात चालणारं व्हर्च्युअल मशीन असतं. यंत्र दुरुस्तीला काढायचं झालं की ते मशीन चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावर नेतात. हे लाइव्ह मायग्रेशन. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

हलवायची असते ती मुख्यतः रॅम. ती साधारण ४ केबीच्या पानांत विभागलेली असते, म्हणजे ८ जीबीची २०,९७,१५२ पानं! ती पाठवेपर्यंत काही पानं बदलतात, मग तेवढी पुन्हा पाठवायची. शेवटी मशीन क्षणभर थांबवून उरलेली न्यायची. क्यूईएमयू या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये या थांब्याची मर्यादा मुळात ३०० मिलिसेकंद आहे. (अँड्रॉइडचा एम्युलेटरही क्यूईएमयूवरच उभा आहे बरं का.)

पानं दाबून पाठवली की नेटवर्कवरचा भार हलका होतो. तुमच्या फोनमधलं झेडरॅमही पानं दाबतंच, फक्त ती फोनबाहेर जात नाहीत. पण क्यूईएमयूच्या जुन्या कोडला प्रत्येक पानाआधी विचारावं लागायचं: कॉम्प्रेशन चालू आहे का? पहिली फेरी संपली का? कारण त्यानंतर एक्सबीझेडआरएलई चालू असेल, तर पानातला फक्त बदललेला भाग पाठवला जातो आणि साधं कॉम्प्रेशन थांबवावं लागतं. हीच तपासणी कोडमध्ये अनेक ठिकाणी, त्यात एकाच वेळी धावणारे कितीतरी थ्रेड. एक पान जरी चुकीचं पोचलं तरी मशीन कदाचित सुरू होईल, आणि डेटा बिघडलाय हे नंतर कधीतरी कळेल. खरी भीती ती.

आधी तपासण्या सोप्या करून पाहिल्या. तरी चाचण्या अधूनमधून फसायच्याच, इतक्या की त्या बंद ठेवाव्या लागल्या. डिसेंबर २०२३च्या ८.२ आवृत्तीत ही सोय कालबाह्य ठरवली. सप्टेंबर २०२४च्या ९.१ मध्ये काढूनच टाकली. आता पर्याय मल्टीएफडीचा: अनेक वाहिन्या, आणि झेडलिब की झेडस्टँडर्ड हे सुरुवातीलाच ठरवायचं.

सोय काढली म्हणून कुणी कुरकुर करेलही, पण माझ्या मते निर्णय योग्यच होता. जुना पर्याय वापरणाऱ्यांना मात्र ९.१ वर जाण्याआधी आपल्या स्क्रिप्ट बदलाव्या लागतील.