शस्त्रक्रिया मोजल्या, बोलणे कोण मोजणार?

जन्मजात व्यंग असलेल्या बालकांवर मोफत शस्त्रक्रिया करण्याची शिबिरे देशात ठिकठिकाणी भरतात. शिबिर संपले की आकडा प्रसिद्ध होतो: इतक्या बालकांचे दुभंगलेले ओठ शिवले, इतक्यांची टाळू बंद केली. सोबत दोन छायाचित्रे, एक आधीचे व एक नंतरचे. या कामाचे मोल कमी लेखण्याचे मुळीच कारण नाही. ग्रहणात काही चिरले म्हणून असे मूल झाले, हा ठपका सोसणाऱ्या मातेला ते दुसरे छायाचित्र काय देऊन जात असेल हे सांगायला नको. परंतु शस्त्रक्रियांची संख्या म्हणजे उपचाराचा परिणाम नव्हे. यंत्र किती तास चालले यावरून माल कसा निघाला हे कोणताही कामगार सांगणार नाही.

परिणाम कशात शोधावा याचे उत्तर म्हैसूरमध्ये मिळते. तेथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था केंद्र सरकारने १९६५ साली स्थापन केली. मुख व चेहऱ्याच्या रचनेतील दोषांसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. टाळू शिवल्यानंतरही मागची मऊ टाळू बोलताना वर उचलली गेली पाहिजे व नाकाकडे जाणारी वाट तिने बंद केली पाहिजे. ती वाट उघडी राहिली तर हवा नाकातून निसटते आणि तोंडात दाब साठत नाही. मग ‘ब’चा उच्चार ‘म’कडे झुकतो. ‘बाबा’ म्हणू पाहणाऱ्या मराठी मुलाच्या तोंडून ‘मामा’सारखे काही निघते, कानडी मुलाचा ‘अप्पा’ ‘अम्मा’च्या जवळ जातो. छायाचित्रात हे दिसत नाही. ते ऐकावे लागते, आणि ऐकणारा माणूस त्या विद्येत शिकलेला असावा लागतो.

शिवाय तो त्या मुलाची भाषा जाणणारा असावा लागतो. बोलण्यातील अनुनासिकता तपासण्यासाठी ज्यांत एकही अनुनासिक वर्ण नाही अशी वाक्ये मुलाकडून वदवून घेतात. नाकातून व तोंडातून येणाऱ्या ध्वनीचे प्रमाण मोजणारे यंत्रही आहे. पण त्याचे निरोगी माणसांचे सरासरी आकडे भाषेगणिक बदलतात. ही वाक्ये एका भाषेतून दुसरीत उतरवून भागत नाही. इंग्रजी वाक्य भूतकाळी असले की मराठीत कर्त्याला ‘ने’ चिकटतो आणि कसोटीच बिघडते. मराठीच्या रोजच्या बोलण्यात भाकरी, घर, खेळ, झाड असे महाप्राण वर्ण पदोपदी येतात. बोलीतल्या कानडीत ते तुलनेने विरळ. तेव्हा बेळगावच्या शाळेत एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांसाठी दोन वेगळ्या कसोट्या हव्यात. भाषावार प्रांतरचनेसाठी लढलेल्या जनतेला मातृभाषेचा हा अर्थ परका वाटू नये.

दुसरी अडचण काळाची. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, टाळूची बहुधा वर्षाच्या आगेमागे. परंतु बोलण्याचा खरा निवाडा पाचव्या वर्षाच्या सुमारास लागतो, आणि जबड्याची वाढ कशी झाली हे तर मूल वयात आल्यावरच समजते. टाळू सहाव्या महिन्यात शिवावी की बाराव्या, हा वाद शल्यविशारदांमध्ये बराच काळ चालू होता. युरोप व दक्षिण अमेरिकेतील २३ केंद्रांनी ५५८ अर्भकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून हा प्रश्न तपासला. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचव्या वर्षी नाकाची वाट पुरेशी बंद न होणाऱ्या मुलांचे प्रमाण लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटात ८.९ टक्के होते, उशिराच्या गटात १५ टक्के. हा फरक शिबिराच्या सांगता समारंभात कोणालाही दिसला नसता. तो दिसला, कारण पाच वर्षे मुलांचा माग सोडला नाही.

आपल्याकडे साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल दुभंग ओठ वा टाळू घेऊन येते, म्हणजे वर्षाला अंदाजे २५ ते ३५ हजार बालके. त्यांचा पाच वर्षे माग कोण ठेवणार? ऊसतोड मजुराचे बिऱ्हाड दिवाळीनंतर कोणत्या कारखान्याच्या फडावर असेल हे गावालाही नीट ठाऊक नसते. फेरतपासणीला जायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते, एस. टी.चे भाडे जाते, धाकटे मूल कोणाकडे तरी ठेवावे लागते. तेव्हा जे परत येतात ते बहुधा ज्यांना येणे परवडते ते. न आलेला बरा झाला म्हणून आला नाही की बिघडला म्हणून, हे कागदावर उमटत नाही. असा हिशेब कितीही प्रामाणिकपणे मांडला तरी त्यातून सर्वांत गरीब मूल आपोआप वगळले जाते.

मोजमाप झाले तर काय घडते याचे उदाहरण ब्रिटनचे आहे. तिथे हे उपचार ५७ केंद्रांत विखुरलेले होते आणि अनेक शल्यविशारद वर्षाला मोजक्याच शस्त्रक्रिया करीत. ५ व १२ वर्षांच्या मुलांचे बोलणे, दात व चेहरे देशभर तपासल्यावर परिणाम युरोपातील उत्तम केंद्रांहून निकृष्ट आढळले. १९९८च्या अहवालानंतर सार्वजनिक आरोग्यसेवेने ही केंद्रे मोजक्या सुसज्ज ठिकाणी एकवटली. नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवस्थेत आपले गिऱ्हाईक असे दुसऱ्याच्या हवाली कोणी केले असते काय?

अन्य व्यंगांत तर प्रश्न थेट प्राणाचा आहे. अन्ननलिका, आतडे, गुदद्वार इत्यादींच्या सात जन्मजात व्यंगांचा ७४ देशांतील २६४ रुग्णालयांत अभ्यास झाला व २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत ५.६ टक्के बालके दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४, गरीब देशांत ३९.८. पोटाची भिंत उघडी राहून आतडी बाहेर येण्याच्या एकाच व्यंगात हे आकडे अनुक्रमे १.४, ३१.९ आणि ९० असे होते. व्यंग तेच असताना मृत्यूमध्ये एवढी तफावत पडते, तिला दैव म्हणता येणार नाही.

मोजमापाला एक आक्षेप मात्र खरा आहे. आकडे जाहीर झाले की त्यांचा वापर सरकारी रुग्णालयांना झोडपण्यासाठी होईल. उशिरा आलेले, अर्धपोटी मातेचे, कमी वजनाचे बालक शेवटी सरकारी दवाखान्याच्याच दारात येते. खाजगी रुग्णालय ते नाकारून आपला आकडा स्वच्छ ठेवू शकते. म्हणून तुलना करायची तर बालक कोणत्या अवस्थेत व किती उशिरा आले, हे जमेस धरूनच केली पाहिजे. पण या भीतीने मोजणेच टाळायचे, ही भूमिका श्रमिकांच्या हिताची नाही. न मोजलेले अपयश ज्याच्या घरात राहते, तो तक्रार करायला मुंबईला येत नसतो.

साधने अगदीच नाहीत असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली पालघरला झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे असा नियम आहे, आणि दुभंग ओठ व टाळू त्याच्या यादीत आहेच. टाळू शिवलेले मूल पाच वर्षांचे झाले की त्याचे बोलणे त्याच्याच भाषेत तपासले जावे, तपासणीला नेणाऱ्या पालकाला प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मिळावी, जिल्हा रुग्णालयात वाचा-उपचारतज्ज्ञाचे पद मंजूर व्हावे व भरलेही जावे, आणि वर्षाअखेर शस्त्रक्रियांच्या आकड्याशेजारी किती मुलांचे बोलणे परक्या माणसाला समजते हा आकडा छापला जावा. जिल्हा परिषदेत या मागण्या मांडताना अंगणवाडी सेविकांच्या संघटनांना आधी विचारावे; ते मूल रोज सकाळी काय बोलते हे त्यांनी ऐकलेले असते, आणि त्यांची नोंद आजवर कोणी मागितलेली नाही.