विश्लेषण : खोकल्याचे औषध कंपवात रोखणार? पेशींच्या ‘सफाई’चा या आजाराशी संबंध काय?

माजिवड्यापासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही औषध दुकानात मिळणाऱ्या खोकल्याच्या अनेक औषधांत ‘अँब्रॉक्सॉल’ हा घटक असतो. पार्किन्सन्स म्हणजेच कंपवाताचा वेग त्यामुळे मंदावतो का, हे तपासणारी मोठी चाचणी ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये सुरू झाली. कफ पातळ करणारे औषध मेंदूच्या आजारासाठी का तपासले जात आहे?

पेशी स्वत:ची सफाई कशी करतात?

पेशीत बिघडलेली प्रथिने आणि निकामी भाग सतत साचत असतात. हा कचरा पिशवीसारख्या आवरणात गुंडाळून ‘लायसोसोम’कडे नेला जातो. तेथील विकरे त्याचे तुकडे करतात आणि उपयोगी घटक पुन्हा वापरले जातात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डी डुव्ह यांनी १९६३ मध्ये या प्रक्रियेला ‘ऑटोफॅजी’ म्हणजे स्वभक्षण असे नाव दिले. यीस्टवरील प्रयोगांतून तिची जनुके शोधणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

कंपवातात काय बिघडते?

या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. उरलेल्या पेशींत ‘अल्फा-सायन्युक्लिन’ या प्रथिनाच्या गुठळ्या आढळतात. सोसायटीत घंटागाडी आलीच नाही तर कचऱ्याचा ढीग होतो, तसेच काहीसे हे आहे. चेतापेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे त्यांतील कचरा नव्या पेशींत वाटला जाऊन कमी होत नाही. डोपामिनच्या पेशींचे फाटे लांबलचक असतात आणि त्यांना ऊर्जाही खूप लागते.

याला पुरावा काय?

सर्वात ठोस पुरावा जनुकांचा आहे. १९९८ मध्ये ‘पार्किन’ आणि २००४ मध्ये ‘पिंक-१’ या जनुकांतील दोष तरुण वयातील कंपवाताशी जोडले गेले. ही दोन्ही जनुके खराब झालेले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींची वीजघरे, हटवण्याचे काम करतात. लायसोसोममधील एक विकर बनवणाऱ्या ‘जीबीए-१’ या जनुकातील दोषानेही धोका वाढतो.

मात्र बहुतेक रुग्णांत असा एकच दोष सापडत नाही. वाढते वय हा सर्वात मोठा धोका असतो आणि वयाबरोबर पेशींची सफाईही मंदावते. मुंबईच्या पारशी वसाहतींत सुमारे १४ हजार जणांची घरोघरी पाहणी झाली होती. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. या समाजात ज्येष्ठांचे प्रमाण जास्त आहे, हे त्यामागचे एक कारण.

अँब्रॉक्सॉलच का?

अडुळशातील ‘व्हॅसिसिन’वरून ब्रोमहेक्सिन हे औषध बनले आणि त्यापासून अँब्रॉक्सॉल. ते ‘जीबीए-१’च्या विकराची क्षमता वाढवते, असे प्रयोगशाळेत दिसले. १७ रुग्णांवरील प्राथमिक अभ्यासात ते मेंदूभोवतीच्या द्रवात पोहोचल्याचे २०२० मध्ये स्पष्ट झाले. मात्र कॅनडात कंपवातासह स्मृतिभ्रंश असलेल्या ५५ जणांवरील चाचणीत, २०२५ च्या निष्कर्षांनुसार, आकलनक्षमतेत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. ब्रिटनमधील चाचणीत ३३० रुग्णांना दोन वर्षे औषध किंवा तसेच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्याचे ठरले आहे.

मग खोकल्याचे औषध घ्यावे का?

नाही. प्राथमिक अभ्यासातील मात्रा दिवसाला १,२६० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे खोकल्यासाठीच्या नेहमीच्या मात्रेच्या दहापटींहून अधिक होती. शिवाय आपल्याकडील अनेक सिरपमध्ये अँब्रॉक्सॉलसोबत टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असते. त्यांनी हातांची थरथर आणि छातीतील धडधड उलट वाढू शकते.

उपवासाने ‘पेशी साफ होतात’ असे संदेशही फिरत असतात. उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये ऑटोफॅजी वाढते हे खरे. पण उपवासाने माणसांतील कंपवात मंदावतो, हे सिद्ध झालेले नाही. वजन घटणाऱ्या आणि उभे राहिल्यावर रक्तदाब कमी होणाऱ्या रुग्णांना उपवास त्रासदायक ठरू शकतो.

सध्या उपाय काय?

लेव्होडोपासारखी औषधे डोपामिनची कमतरता भरून काढतात आणि लक्षणे आटोक्यात ठेवतात, पण पेशींचा ऱ्हास थांबवत नाहीत. सफाई सुधारणारी औषधे तिथे उपयोगी ठरतील, अशी आशा आहे. तोवर वेळेवर गोळ्या, नियमित व्यायाम आणि फिजिओथेरपी हेच सिद्ध झालेले उपाय आहेत. मेंदूविकारतज्ज्ञांना न विचारता औषध बदलू किंवा बंद करू नये.