दोन लिटरची आंघोळ

आंघोळीला किती पाणी लागतं हो तुम्हाला? मी आपली मोठी बादली भरून घेणारी, आणि केस धुवायचे असले की दोन. आमच्या गावात नळ येतो आठवड्यातून दोनदा. तरी आंघोळीच्या पाण्यात काटकसर म्हटलं की माझ्या जिवावर यायचं. पाणी कमी म्हणजे माणूस अस्वच्छ, हेच लहानपणापासून डोक्यात.

मागच्या जूनमध्ये लेकीने तीन आठवडे राहायला बोलावलं. तिचं घर म्हणजे शिडाची बोट! ती आणि जावई ग्रीसच्या बेटांजवळ अशा बोटीवरच संसार करतात. लांबी चाळीस फूट. त्यात ओटा, झोपायच्या दोन खोल्या आणि कपाटाएवढं संडास-बाथरूम.

पहिल्याच दिवशी लेकीने सांगितलं, ‘‘आई, गोड्या पाण्याची टाकी ४०० लिटरची. बंदर येईपर्यंत आठ-दहा दिवस तिघांचं पिणं, स्वयंपाक, आंघोळ याच्यातच. आंघोळीला दोन लिटर.’’

दोन लिटर! चौफेर पाणीच पाणी, आणि मला तांब्या मोजून.

पण शिकले. बोटीच्या मागच्या पायरीवर गाऊन घालून बसायचं. दोरी बांधलेल्या बादलीने समुद्राचं पाणी काढून अंगावर घ्यायचं. अंगाचा साबण इथे कामाचा नाही. खाऱ्या पाण्यातल्या क्षारांमुळे फेस होत नाही, नुसता चिकट थर बसतो. आपल्या बोअरच्या जड पाण्यात होतं तेच, पण कितीतरी जास्त. शांपू मात्र फेसाळतो, म्हणून तोच अंगालाही. मग पुन्हा समुद्राचं पाणी. आणि शेवटी गोडं पाणी, तेही कशातून? बागेत फवारणी करतात ना, त्या छोट्या पंपातून! काखा, जांघा, छातीखाली, जिथे घडी पडते तिथे आधी मारायचं. कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. ते अंगावर राहिलं की खाज सुटते, कपडा घासेल तिथे फोड येतात, अंथरूणसुद्धा दमट होतं. खरं सांगते, दोन लिटरमध्ये मी इतकी नीट आंघोळ केली, जितकी घरी बादलीभर पाणी भसाभसा ओतून कधी केली नव्हती.

तेव्हा पाण्याचा प्रश्न चार दिवसांत सुटला. सुटला नाही तो दुसराच.

बोटीवरचा संडास हाताने पंप मारून साफ करायचा. वीस-पंचवीस वेळा दांडा वर-खाली. रात्रीच्या शांततेत तो आवाज सगळ्या बोटीत जाणार, आणि पलीकडे जावई झोपलेले! मी काय केलं? संध्याकाळनंतर पाणी पिणंच बंद केलं. एसटीच्या प्रवासाला निघताना आपण करतो ना, अगदी तस्संच. सहाव्या दिवशी उन्हाळी लागली. लघवीला आग, अंगात कणकण. शेवटी ठरलेला मार्ग सोडून बोट बंदराला न्यावी लागली, डॉक्टरांकडे. औषधाने बरं वाटलं, पण लेक चिडली. ‘‘आई, आवाजाची लाज वाटली म्हणून आजारी पडलीस तू!’’

दुसरी गोष्ट त्याहून लागली. बोटीचे कपडे कठड्याच्या तारांना चिमटे लावून वाळवतात. मी सवयीने लेकीच्या आतल्या कपड्यांवर टॉवेल टाकला. थोड्या वेळाने तिने तो काढला. मी पुन्हा टाकला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘‘आई, आठवीत असताना पाळीची कापडं तू मला न्हाणीतल्या दोरीवर परकराखाली वाळवायला लावायचीस. ती कधीच नीट वाळायची नाहीत. मला जांघेत केवढं पुरळ उठलं होतं. दोन महिने मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही.’’

मला काही बोलताच येईना. वळण लावतेय असं समजून मी पोरीला ओली कापडं वापरायला लावत होते.

तुम्हाला ‘तारिणी’ आठवत असेल. गोव्यात बांधलेल्या या नौदलाच्या शिडाच्या नौकेतून १० सप्टेंबर २०१७ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी जगप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ला गोव्यात परतल्या. मग २०२४-२५मध्ये याच नौकेवर लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनीच पृथ्वीला फेरा मारला. आपण कौतुकाने बातम्या वाचल्या. इतके महिने समुद्रावर आंघोळीचं काय, पाळीचं काय, हा प्रश्न मनात आला असेल, पण आपण तो घरात मोठ्याने विचारला का? बोटीवर तो आधीच विचारावा लागतो. किती पॅड न्यायचे, वापरलेले कुठे साठवायचे, सगळं निघण्यापूर्वी ठरतं. लेकीकडे त्याची झाकणाची वेगळी बादली आहे. बंदरावर ती रिकामी करायला जावईही जातात, नेहमीचा कचरा टाकावा तितक्याच सहज.

काही जणी म्हणतील, ‘‘ते बोटीवर ठीक आहे हो. आमच्या घरात सासरे, दीर असतात.’’ पण मैत्रिणींनो, बोटीइतकी अडचणीची जागा तरी कुठली? जावई माझ्यापासून चार हातांवर. आडोसा म्हणाल तर एक पातळ दार. तरी कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते फक्त माझं, आणि तेही मी लपवलं म्हणून.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे पाण्याची टंचाई खरीच आहे, पण आपल्याला आजारी पाडते त्यात लाजेचा वाटाही मोठा आहे. पाणी आणणं आपल्या एकटीच्या हातात नाही. पण तहान लागली की पाणी पिणं, बाजारात, बँकेत, लग्नघरी ‘‘संडास कुठे आहे?’’ असं सरळ विचारणं, आणि नसेल तर ‘‘का नाही?’’ असंही विचारणं, एवढं तर हातात आहे ना?

मी परत आल्यावर एकच केलं. गच्चीवर ऊन येतं त्या बाजूला नवी दोरी बांधली. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अहो, रस्त्यावरून दिसतं की!’’

म्हटलं, ‘‘दिसू दे. वाळतं तरी.’’